धात्रीची रात्र : स्तन्यपान देणाऱ्या मातेच्या निद्रेचा विचार

आयुर्वेदाने शरीर धारण करणारे जे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, त्यांत आहारानंतर लगेच निद्रेचे स्थान आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात या त्रयोपस्तंभांचा निर्देश केला आणि २१ व्या, म्हणजे अष्टौनिन्दितीय अध्यायात निद्रेचे सहा प्रकार वर्णिले. तमोगुणाने येणारी, कफाने येणारी, शरीर व मन थकल्याने येणारी, आगंतुक, व्याधीच्या अनुषंगाने येणारी आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी असे हे सहा प्रकार होत. यांपैकी शेवटच्या निद्रेला आचार्यांनी ‘भूतधात्री’ हे नाव दिले. धात्री म्हणजे स्तन्य पाजून बालकाचे धारण-पोषण करणारी स्त्री. ती बालकासाठी जे करते, तेच रात्रीची निद्रा सर्व प्राणिमात्रांसाठी करते, असा या संज्ञेचा आशय आहे.

ही संज्ञा आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो. परंतु तिच्यात दडलेला एक प्रश्न सहसा आपल्या लक्षात येत नाही. जी स्त्री स्वतःच धात्री आहे, तिची रात्र बालकाला पाजण्यासाठी दोनदा, तीनदा, कधी पाच वेळाही खंडित होते. सर्व भूतांची ही धात्री तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग धात्रीचे धारण कोणी करावे?

आपल्या चिकित्सालयांत ‘बाळ रात्री झोपत नाही, काहीतरी द्या’ ही तक्रार नित्याची आहे. ‘बाळाची आई झोपत नाही’ ही तक्रार घेऊन मात्र क्वचितच कोणी येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : निरोगी स्तनंधय बालकाचे रात्री जागे होणे हा व्याधी नव्हे, मातेचा निद्राक्षय मात्र निश्चितपणे चिकित्स्य आहे. आणि त्याची चिकित्सा बालकाला औषधाने निजवून होत नाही, तर घराच्या व्यवस्थेत बदल करून होते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. २६ वर्षांची एक प्रथम प्रसूता आपल्या दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन सासूबाईंसमवेत आली. ‘दूध पुरत नाही, बाळ सारखे उठते’ अशी सासूबाईंची तक्रार होती. मुलीचे वजन उत्तम वाढत होते, मूत्रप्रवृत्ती व मलप्रवृत्ती प्राकृत होती. तरीही मी शतावरी कल्प दिला, अळिवाची खीर सुचवली, आणि कफवृद्धी व अग्निमांद्य होऊ नये म्हणून ‘दिवसा मुळीच झोपू नका’ असे निक्षून सांगितले.

बारा दिवसांनी ती पुन्हा आली. आदल्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास आरामखुर्चीत बसून पाजत असताना तिचा डोळा लागला आणि बाळ मांडीवरून घसरून खाली पडले. खाली जाड सतरंजी होती. बालरोगतज्ज्ञांनी तपासून काही इजा नसल्याचे सांगितले होते. ती सांगत असताना सासूबाई गप्प होत्या. त्या दिवशी मी तिला प्रथमच विचारले, ‘काल रात्री तुम्ही एकूण किती वेळ झोपलात?’ तिला सांगता येईना. बोटांवर मोजत ती तीन तासांपर्यंत आली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिने हाच क्रम चालू होता.

नंतर मी तिचा जुना केसपेपर काढून पाहिला. क्षुधा, मल, मूत्र, योनिगत स्राव, स्तन्य या सर्वांची नोंद होती. निद्रेची जागा कोरी होती. दिवास्वापाचा निषेध मला आठवला होता. त्याच अध्यायातील त्याचे अपवाद मी विसरलो होतो. त्या मुलीला काही झाले नाही हे आमचे सुदैव. त्यात माझे कौशल्य काहीच नव्हते.

शास्त्रकारांचे मत

रात्रीचे जागरण रूक्ष आहे, दिवसाची झोप स्निग्ध आहे आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असे चरक व वाग्भट या दोघांचेही मत आहे. रूक्षतेने वातवृद्धी होते. प्रसूतीनंतर स्त्री आधीच धातुक्षीण व वातप्रधान अवस्थेत असते. या अवस्थेत रोजचे रात्रिजागरण म्हणजे वाताला वाताचीच जोड होय. कटिशूल, अंगमर्द, मलावष्टंभ, चिडचिड, विस्मृती, अकारण भय ही लक्षणे घेऊन येणाऱ्या कित्येक बाळंतिणींच्या संप्राप्तीत जागरण हा हेतू उघड दिसतो. आपण मात्र प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र कल्प देत बसतो.

स्तन्य हा रसधातूचा उपधातू आहे. रसाचे पोषण आहारावर अवलंबून आहे, हे आपण रुग्णेला आवर्जून सांगतो. परंतु स्तन्याची प्रवृत्ती केवळ आहारावर अवलंबून नाही. अपत्याचे दर्शन, स्पर्श, स्मरण आणि अखंड स्नेह यांनी स्तन्य स्रवते, असे सुश्रुताचार्य निदानस्थानात सांगतात; आणि क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनी स्तन्यनाश होतो, असेही शारीरस्थानात बजावतात. अनेक आठवडे न झोपलेल्या स्त्रीच्या मनात क्रोध व शोक येणे हा तिच्या स्वभावाचा दोष नव्हे. तिला ‘आई असून चिडतेस कशी?’ असे म्हणणारे घर स्तन्यनाशाच्या हेतूंतच भर घालीत असते.

आता दिवास्वापाचा प्रश्न. ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये हा सामान्य नियम खरा. परंतु चरकाचार्यांनी दिवास्वापास योग्य अशा व्यक्तींची जी दीर्घ सूची दिली आहे, तीत बालक आहे, कृश व क्षीण व्यक्ती आहे, आणि रात्रिजागरणाने थकलेली व्यक्तीही स्पष्टपणे आहे. वाग्भटाचार्यांनी तर सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात मात्राही सांगून ठेवली आहे. रात्री जागरण घडल्यास, जितका वेळ जागरण झाले त्याच्या अर्धा वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी, भोजनापूर्वी झोपावे. किती, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका उपदेशात आहेत. रात्री चार तास जागरण झालेल्या मातेला सकाळी न्याहारीपूर्वी दोन तासांची झोप हा तिचा आळस नव्हे. ते शास्त्रोक्त औषध आहे. भोजनोत्तर झोप टाळल्यामुळे अग्नीचेही रक्षण होते.

बसल्या बसल्या येणाऱ्या डुलकीविषयी येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. ग्रंथकारांनी तिला निर्दोष म्हटले ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराच्या दृष्टीने. मांडीवर तान्हे बाळ असताना तोच विधी लागू करता येत नाही. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे हा बालकाच्या दृष्टीने अत्यंत घातक प्रकार असल्याचे आधुनिक अभ्यासांत वारंवार आढळले आहे. बाळ खाली पडते, किंवा मातेचे शरीर व गादी यांच्या फटीत त्याचे नाक-तोंड दाबले जाते. पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर खुर्चीपेक्षा नीट तयार केलेल्या अंथरुणावर कुशीवर झोपून पाजणे अधिक सुरक्षित होय.

बालक रात्री का जागते?

नवजात बालक २४ तासांत साधारणतः १४ ते १७ तास झोपते, पण सलग नव्हे. दिवस व रात्र यांचा भेद त्याच्या शरीराला जन्मतः ठाऊक नसतो. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू प्रस्थापित होतो. त्याचे निद्राचक्र सुमारे एका तासाचे असते आणि त्यातील जवळजवळ निम्मी झोप हलकी, चळवळी असते. जठर लहान, स्तन्य लघुपाकी आणि शरीराची वाढ वेगवान, म्हणून त्याला २४ तासांत ८ ते १२ वेळा स्तन्यपान लागते. त्यांतील काही वेळा रात्रीच येणार. वरचेवर जागे होणे हा या वयातील बालकाचा स्वभाव आहे आणि काही अंशी त्याचे संरक्षणही आहे.

रात्रीच्या स्तन्यपानाचे मातेलाही प्रयोजन आहे. स्तन्यनिर्मितीस कारणीभूत असणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात असते. म्हणून रात्रीचे पाजणे बंद केल्यास अनेक स्त्रियांत दिवसाचेही दूध कमी होऊ लागते. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. ज्या बालकाला अद्याप स्वतःची रात्र नाही, त्याला माता स्तन्यावाटे आपली रात्र देते, असे म्हणता येईल. शिवाय प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत पाळी सुरू झालेली नसताना केवळ स्तन्यपान चालू असेल, आणि दोन पाजण्यांत दिवसा ४ तासांहून व रात्री ६ तासांहून अधिक अंतर पडत नसेल, तर पुन्हा गर्भधारणा होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या सभेने या पद्धतीला मान्यता दिली. रात्री बाटली देण्याचा सल्ला देणाऱ्याने हे संरक्षण नाहीसे होते हेही सांगितले पाहिजे.

‘रात्री पावडरचे दूध दिले की बाळही झोपते आणि आईही’ असा समज घरोघरी आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तन्यपान देणाऱ्या व वरचे दूध देणाऱ्या मातांच्या रात्रीच्या एकूण निद्रेत फरक आढळला नाही. वरचे दूध तयार करणे, बाटली उकळणे, दिवा लावून बसणे यांतही झोप मोडतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ स्तन्यपानाचा पुरस्कार केला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशात सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बालकेच केवळ स्तन्यपानावर असल्याचे दिसले. उरलेल्यांपैकी कितीतरी घरांत वरच्या दुधाचा पहिला पेला मध्यरात्री, थकव्याच्या भरात दिला गेला असेल, असे चिकित्सालयातील अनुभवावरून वाटते.

प्राकृत व विकृत जागरण

याचा अर्थ रात्रीचे प्रत्येक रडणे दुर्लक्षावे असा नाही. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, जे बालक बोलू शकत नाही त्याची वेदना कशी ओळखावी, याचे मार्मिक विवेचन आहे. कानाला वारंवार हात नेणे, डोके हलवणे व झोप न येणे यांवरून कर्णवेदना. स्तन झिडकारून रडणे, पोट ताठ होणे, चेहऱ्यावर घाम येणे यांवरून उदरशूल जाणावा, असे तेथे सांगितले आहे. चिकित्सकाने हाच क्रम ठेवावा. पाजल्यावर शांत होऊन झोपणारे, दिवसा प्रसन्न असणारे, वजन वाढणारे, आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा मूत्रप्रवृत्ती होणारे बालक रात्री कितीही वेळा जागे झाले तरी निरोगी समजावे.

उलटपक्षी, पहिल्या काही आठवड्यांत फार झोपणारे बालकही काळजीचे असते. जन्माचे वजन साधारणतः दोन आठवड्यांत भरून आले नाही, कावीळ दिसत असेल, किंवा बाळ सुस्त असेल, तर ‘गुणी बाळ आहे, उठतच नाही’ यावर समाधान मानू नये. अशा बालकाला दर दोन-तीन तासांनी हळुवार जागे करून पाजावे. झोपलेल्या बालकाला एकाएकी दचकवून उठवू नये, हा सुश्रुताचार्यांचा उपदेश येथेही पाळावा. तीन महिन्यांखालील बालकाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर, स्तनपानास नकार, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे किंवा आक्षेप यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

निजवण्याची औषधे

बालकाला निजवण्यासाठी काहीतरी उगाळून देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, आणि ती आपल्याच शास्त्राच्या नावावर चालते, म्हणून तिच्याविषयी आपणच स्पष्ट बोलले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना अफूमिश्रित ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. त्या मातांना दोष देण्याचे कारण नाही. पाळीवर हजर राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते आणि घरी बाळाजवळ कोणी नव्हते. परंतु त्या झोपेची किंमत बालकांनी मोजली. बालक शांत आहे म्हणजे ते सुखात आहे, असे नव्हे. हा धडा त्या काळाने दिला.

आज अफू गेली, जायफळ राहिले. जायफळ अधिक मात्रेत मादक आहे. त्याने मुखशोष, हृद्गती वाढणे, भ्रम ही लक्षणे मोठ्या माणसांतही दिसतात. सहाणेवर किती वळसे उगाळले यावर ज्याची मात्रा ठरते, असे द्रव्य दोन महिन्यांच्या बालकाला केवळ घरची झोप मोडू नये म्हणून देणे युक्तीला धरून नाही. मातेच्या बाबतीतही हाच विवेक हवा. सर्पगंधेतील रिसर्पिन स्तन्यात उतरते व बालकाचे नाक चोंदणे, सुस्ती असे परिणाम घडवू शकते. म्हणून स्तन्यपानाच्या काळात निद्रेसाठी सर्पगंधा वर्ज्य समजावी. कोणतेही निद्राकर औषध घेणाऱ्या किंवा मद्यपान केलेल्या व्यक्तीने बाळाजवळ झोपू नये.

शय्याविचार

बालकाची शय्या मृदू, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावी. घाम, मल, मूत्र व जंतू यांनी दूषित झालेली पांघरुणे वापरू नयेत, धुऊन, धूपन करून, सुकवूनच पुन्हा वापरावी, असे चरकाचार्य जातिसूत्रीय अध्यायात सांगतात. येथे ‘मृदू’ याचा अर्थ बाळ आत रुतेल अशी फोमची गादी असा घेऊ नये. अंथरूण सपाट व घट्ट असावे, त्यावरील वस्त्र मऊ असावे. बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच निजवावे. अमेरिकेत १९९४ पासून या एका सूचनेचा मोहीम म्हणून प्रसार झाला आणि त्यानंतर तेथील अर्भकांच्या आकस्मिक निद्रामृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. डोक्याला आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशी, बाळाभोवती रचलेले लोड, जड दुलई, तोंडावरून ओढलेले दुपटे या सर्वांना अंथरुणातून रजा द्यावी. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते. तेथे झोप लागली तरी नंतर त्याला सपाट अंथरुणावर ठेवावे.

बाळाने मातेजवळ झोपावे की नाही, यावर आधुनिक तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ च्या मार्गदर्शनात माता व बालकाची खोली एक परंतु शय्या वेगळी असावी, असे सांगितले. स्तन्यपानविषयक वैद्यकाच्या अकादमीने २०२० साली, धोक्याचे घटक नसतील तर स्तन्यपान देणाऱ्या मातेच्या शेजारी झोपण्यास सरसकट मनाई करू नये, अशी भूमिका घेतली. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी स्तन्यपान व सहनिद्रा हे एकाच व्यवहाराचे दोन भाग मानले आहेत. आपल्याकडे बहुसंख्य माता बाळाला कुशीत घेऊनच झोपतात. तेथे केवळ ‘झोपू नका’ म्हटल्याने काही साधत नाही. म्हणून धोके निश्चितपणे सांगावेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः २५०० ग्रॅमहून कमी वजनाचे असेल, माता-पित्यांपैकी कोणी धूम्रपान करीत असेल, मद्य वा निद्राकर औषध घेतले असेल, तर बाळाची शय्या मातेच्या हाताशी पण वेगळीच असावी. अन्य घरांत जमिनीवर घातलेली सपाट गादी उंच पलंगापेक्षा बरी. बाळ मातेच्या एका बाजूस असावे, दोघांच्या मध्ये नव्हे; भिंत व गादी यांत फट नसावी; मोठे भावंड बाळाशेजारी नसावे.

शेक-शेगडी व धुरीविषयीही सांगणे प्राप्त आहे. धूपन आचार्यांनी वस्त्रांचे व शय्येचे सांगितले आहे. कपडे धुपवावेत, पण धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नये. बंद खोलीत रात्रभर निखाऱ्यांची शेगडी ठेवणे प्राणघातक ठरू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो. शेक दिवसा, दारे-खिडक्या उघड्या असताना घ्यावा आणि शेगडी विझवून खोलीबाहेर काढावी.

मातेच्या निद्रेची योजना

औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मातेसमवेत आलेल्या व्यक्तीला समोर बसवून पुढील योजना सांगावी, असा माझा आता नियम आहे.

१. बाळाची सलग झोप बहुधा रात्रीच्या पूर्वार्धात असते. मातेने सायंकाळी सातच्या सुमारास जेवून, नऊच्या आत, बाळाबरोबरच झोपावे. मागचे आवरणे, भांडी, पाहुणे हे त्या वेळी तिचे काम नव्हे.

२. स्तन्य पाजणे एवढेच मातेला करता येते. बाकी सर्व इतरांना येते. बाळाला उचलून तिच्याकडे देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा निजवणे ही कामे पती, आजी किंवा मावशी यांनी वाटून घ्यावीत. रात्रीचे दोन भाग करून पहिला एकाने व दुसरा दुसऱ्याने घेतल्यास कोणीच फार थकत नाही.

३. रात्री पाजताना ट्यूबलाइट लावू नये, मोबाइल पाहू नये, बाळाशी खेळू नये. मंद दिवा पुरे. दिवसा मात्र बाळाला उजेडात, घरच्या आवाजात राहू द्यावे. कुमारागार अंधारे नसावे, असे चरकाचार्यांनी म्हटलेच आहे. याने बालकास दिवस-रात्रीचा भेद लवकर कळू लागतो.

४. सकाळी पाजून झाल्यावर बाळाला तेल-आंघोळीसाठी घरच्यांनी घ्यावे आणि मातेने दार लोटून दीड-दोन तास झोपावे. वाग्भटांची अर्धी मात्रा ती हीच. उठल्यावर गरम न्याहारी द्यावी. भूक फार लागत असेल तर झोपण्यापूर्वी थोडी पातळ पेज घेण्यास हरकत नाही.

५. अभ्यंग, संवाहन, स्नान, दूध, तूप, मनाला सुखकर वातावरण व आवडती शय्या हे चरकोक्त निद्राकर उपाय मातेला प्रत्यक्ष मिळतात का, हे पाहावे. रात्री पायांच्या तळव्यांना तेल-तूप लावून काशाच्या वाटीने चोळणे हा आपल्या घरांतील उपाय सोपा आणि निर्धोक आहे. अग्नी चांगला असल्यास रात्री कोमट दूध द्यावे. निद्राजनन द्रव्यांत म्हशीचे दूध श्रेष्ठ सांगितले आहे, परंतु ते गुरू आहे, हे विसरू नये.

शतावरी, जीवनीय गण, चरकोक्त स्तन्यजनन द्रव्ये यांचा उपयोग मला नाकारायचा नाही. परंतु वर सांगितलेल्या मातेला दुसऱ्या वेळी मी नवे औषध दिले नाही. सासूबाईंना ही योजना सांगितली. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी आम्हांला कोणी झोपू दिले नव्हते.’ मी विचारले, ‘झोपू दिले असते तर आवडले असते का?’ त्या हसल्या आणि पहाटेची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा मुलगी रात्री पूर्वीइतकीच जागत होती. आईची दुधाबद्दलची तक्रार मात्र उरली नव्हती.

निद्रानाश व्याधी केव्हा?

एक प्रश्न प्रत्येक सूतिकेला स्वतंत्रपणे, शक्यतो एकटीला विचारावा : ‘बाळ झोपलेले असते आणि घरात सर्व शांत असते, तेव्हा तरी तुम्हांला झोप लागते का?’ ‘हो, पडल्या पडल्या लागते’ असे उत्तर आले तर तिला सवड हवी आहे. ‘नाही, तेव्हाही लागत नाही’ असे उत्तर आले तर तो निद्रानाश आहे. त्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, बाळाविषयी अलिप्तता, सतत भय, स्वतःला निरुपयोगी मानणे ही लक्षणे असतील तर प्रसवोत्तर विषादाचा विचार करून मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पांडुरोग व थायरॉइडचीही तपासणी करावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भ्रम, असंबद्ध बोलणे, अनेक रात्री अजिबात झोप नसतानाही अतिउत्साह ही आत्ययिक अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिला एकटे सोडू नये. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. अशा रुग्णेला केवळ मेध्य रसायने देऊन घरी ठेवणे हा आपला अपराध ठरेल.

घराबाहेरचा विचार

मातेच्या विश्रांतीचा प्रश्न घरापुरताच नाही, हे मुंबई इलाख्याने लवकर ओळखले. १९२८ साली तेथील विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली देशातील असा पहिला कायदा या प्रांतात झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम ठेवण्यात आली. परंतु ही रजा नोकरदार स्त्रीची. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी स्त्री कोपीत बाळंत होते आणि पहाटेच्या अंधारात फडावर उभी राहते. तिला ‘सकाळी दोन तास झोपा’ असे सांगताना वैद्याची जीभ अडखळते. तरीही ते सांगावे, आणि तिच्या नवऱ्याला व मुकादमालाही सांगावे. ग्रामीण भागातील आपल्या सभासदांचा शब्द तेथे मानला जातो.

वैद्यबंधुभगिनींना शेवटी एकच विनंती आहे. सूतिका व स्तनंधय बालक यांच्या केसपेपरवर ‘बालक किती वेळा जागते’ यापुढे ‘माता एकूण किती झोपते, आणि रात्री तिच्या मदतीला कोण उठते’ अशी एक ओळ छापून घ्यावी. क्षीरप अवस्थेत बालकाच्या विकारासाठी मातेची चिकित्सा करावी हे तत्त्व आपण औषधापुरते पाळतो. ते निद्रेलाही लागू करावे. ज्या घरात रात्री मदतीला उठणारे कोणी नाही असे उत्तर मिळेल, त्या घरात औषधाआधी माणसाची योजना करावी लागेल.